महाडची इंग्रजी शाळा आणि वर्गाबाहेरची जागा

१

महाड-पोलादपूरचा मुलूख इतिहाससंशोधकांस अपरिचित नाहीं. रायगडचा किल्ला महाड तालुक्यांत आहे. तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपूर तालुक्यांत, आणि शिवभारतकर्त्या कवींद्र परमानंदाची समाधि खुद्द पोलादपुरांत आहे. महाडाजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत कुमार काणभोअ विष्णुपालिताचा लेख आहे. नाना फडणविसांच्या धामधुमीच्या काळांत १७९६ सालीं महाडास झालेला तह मराठेशाहीच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. शिवथरच्या घळीचें स्थान समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं निश्चित केलें, आणि दासबोधाचें लेखन याच घळींत झालें अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा असून, अक्षराचें वळण, ओळींची सरळता, शाई, लेखणी, कागद यांची निगा इतक्या बारकाईनें सांगणारें प्रकरण जुन्या मराठी वाङ्मयांत दुसरें सहसा आढळणार नाहीं. हस्तलिखितें जमविणाऱ्यांनीं तें प्रकरण अनेकदां वाचलें असेल.

परंतु अक्षर कसें काढावें हा जसा एक प्रश्न, तसा तें कोणास काढूं दिलें हा दुसरा प्रश्न आहे. आणि या दुसऱ्या प्रश्नाकडे आपलें लक्ष पहिल्याच्या मानानें कमी गेलें आहे. याच महाडांत १९१४ सालीं अकरा वर्षांच्या एका मुलास इंग्रजी शाळेनें प्रवेश नाकारला. पुढें तो द्यावा लागला. पण दिला तो वर्गाबाहेर बसण्याच्या जागेसह. ही हकीकत लहान दिसते. परंतु तिच्या मागें साठ वर्षांचे सरकारी हुकूम आहेत, आणि तिच्या पुढें तेरा वर्षांनीं घडलेला चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे. या दोहोंचा दुवा म्हणून तिच्याकडे पाहावें आणि अशा प्रकरणांचीं साधनें कोठें शोधावींत याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: शाळेंत नांव लागणें, वर्गांत बसावयास मिळणें आणि शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळते असें नाहीं. तिघींचे कागद निरनिराळ्या ठिकाणीं असतात; आणि केवळ पहिलीचे कागद पाहून जो शिक्षणाचा इतिहास लिहितो, त्याचा निकाल चुकतो.

२

प्रथम हुकुमांकडे पाहूं. १८५४ च्या जुलै महिन्यांत विलायतेहून शिक्षणविषयक खलिता निघाला आणि सरकारी शिक्षण सर्वसामान्य रयतेपर्यंत नेण्याचें धोरण ठरलें. दोन वर्षांनींच त्याची परीक्षा झाली. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला, आणि मुंबई सरकारनें तो दिला नाहीं. एका मुलास घेतल्यानें बाकीचीं मुलें शाळा सोडतील, आणि एकाच्या सोयीसाठीं पुष्कळांची गैरसोय करणें इष्ट नाहीं, अशी त्या निर्णयामागची विचारसरणी होती. प्रकरण वर गेलें. १८५८ मध्यें कंपनीच्या डायरेक्टरांनीं उलट तत्त्व सांगितलें: सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत, आणि हें तत्त्व सोडतां येणार नाहीं.

येथें कायद्याच्या दृष्टीनें प्रश्न संपला असें कोणीहि म्हणेल. परंतु चोवीस वर्षांनीं हंटर आयोगापुढें आलेले आंकडे वेगळेंच बोलतात. १८८१-८२ सालीं मुंबई इलाख्यांतील प्राथमिक शाळांत तथाकथित खालच्या जातींचीं मुलें अवघीं २,८६२ होतीं. मधल्या, म्हणजे मिडल, शाळांत त्यांची संख्या १७ होती. हायस्कुलांत एकहि नव्हता. कॉलेजांत अर्थातच एकहि नव्हता. हे आंकडे पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं सायमन कमिशनास सादर केलेल्या निवेदनांत मांडले, तेव्हां ते सर्वांच्या नजरेस आले. २,८६२ वरून १७ आणि १७ वरून शून्य, ही उतरंड ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हुकूम शाळेच्या दारापर्यंत पोहोंचला होता. दाराच्या आंत त्याची सत्ता चालत नव्हती.

याच आयोगापुढें १८८२ च्या ऑक्टोबरांत जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. उच्च शिक्षणावरील खर्च वरून झिरपत खालीं येईल या सरकारी समजुतीस त्यांचा विरोध होता. वरील आंकडे पाहिले म्हणजे तो विरोध कशावर उभा होता तें कळतें.

३

आतां महाडाकडे वळूं. शाळा नाकारल्या असतांहि या मुलखांतील महार कुटुंबांत वाचतां-लिहितां येणारीं माणसें कोठून आलीं, हा प्रश्न आधीं सोडविला पाहिजे. कारण १९१४ चा मुलगा आकाशांतून पडला नव्हता.

उत्तर सावित्री नदीच्या कांठीं सांपडतें. १७५६ च्या तहानें बाणकोटाबरोबर दासगांव इंग्रजांकडे गेलें. महाडावर इंग्रजी अंमल बसण्याच्या साठ वर्षें आधीं दासगांवास कंपनीचें निशाण होतें. मुंबईच्या पलटणींत कोंकणांतील महार मोठ्या संख्येनें गेले. पलटणींत शाळा होती. शिपायास आणि त्याच्या मुलांस तेथें वाचन, लेखन, हिशेब शिकावे लागत. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेंत चौदा वर्षें मुख्याध्यापक होते आणि सुभेदार-मेजर म्हणून निवृत्त झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अशी माणसें पेन्शन घेऊन दापोली, महाड, दासगांव या भागांत परत आलीं. त्यांच्यापाशीं पेन्शनचा कागद होता, पोथी होती आणि मुलांस शिकविण्याची हौस होती. गांवच्या पंतोजीनें जें दिलें नाहीं, तें पलटणीच्या शाळेनें दिलें.

याच परंपरेंतले गोपाळबाबा वलंगकर. महाडाजवळचें रावढळ हें त्यांचें गांव. १८८६ सालीं पलटणींतून निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले आणि १८८८ मध्यें त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केलें. धर्मशास्त्राच्या अधिकाऱ्यांस विचारलेल्या प्रश्नांची ती मालिका आहे. १८९२-९३ च्या सुमारास पलटणींत महारांची भरती बंद झाली, आणि पलटणीची शाळाहि त्यांना बंद झाली. १८९४ च्या सुमारास वलंगकरांनीं भरतीविषयीं लष्करी अधिकाऱ्यांकडे धाडण्यासाठीं 'विनंतिपत्र' तयार केलें. १८९५ सालीं महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हां बरोबरीच्या सभासदांकडून विरोध झाला. १९०० सालीं ते वारले.

भरती थांबल्यावर पेन्शनरांपुढें मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. दापोलीस त्याच दशकांत त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या शाळेंत आपल्या मुलांस घ्यावें म्हणून अर्ज केले. आणि तेथें मुलांना पडवींत बसविण्याचा प्रकार झाला. म्हणजे १९१४ च्या महाडची आवृत्ति वीस वर्षें आधीं दापोलीस निघाली होती. पडवी ही तडजोड होती: शाळेच्या दप्तरांत मुलाचें नांव लागे, सरकारच्या डोळ्यांस शाळा सर्वांस खुली दिसे, आणि गांवाच्या डोळ्यांस मूल बाहेरच राही.

येथें संग्राहकांसाठीं एक गोष्ट नमूद करितों. वलंगकरांचें हें विनंतिपत्र हस्तलिखिताच्या रूपानें टिकलें, तें आंबेडकरचरित्रकार चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या संग्रहामुळें. कोणत्याहि संस्थानच्या दफ्तरखान्यानें तें जपलें नव्हतें. एका माणसानें घरोघर जाऊन कागद मागितले म्हणून तें आज अभ्यासकांस पाहतां येतें. अशा संग्राहकांचें ऋण इतिहासावर किती असतें हें या मंडळींस सांगावयास नको.

४

रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजीं महाड तालुक्यांतील लाडवली येथें झाला. दासगांवाशीं त्यांचें घरचें नातें होतें. प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस ते शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले. शिष्यवृत्ति घ्यावयाची म्हणजे पुढच्या शाळेंत नांव घालणें आलें, आणि पुढची शाळा म्हणजे महाडची इंग्रजी शाळा. १९१४ सालीं तेथें त्यांस प्रवेश नाकारण्यांत आला.

परीक्षा सरकारी, शिष्यवृत्ति सरकारी, गुणवत्ता सिद्ध झालेली; आणि तरी दार बंद. मुलगा अकरा वर्षांचा होता. त्यानें तक्रार लिहिली, आणि ती वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली. तक्रार जाहीर होतांच शाळेपुढें पेंच पडला. ज्या शाळेस सरकारी मदत हवी, तिला जातीच्या कारणावरून मुलास परत धाडणें उजेडांत सांभाळतां येईना. अखेर प्रवेश मिळाला. पण वर्गांत इतर मुलांबरोबर जागा मिळाली नाहीं. बाहेर बसावें लागलें.

या प्रकरणांत दोन गोष्टी निवडून पाहण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, दार उघडलें तें लिहितां येणाऱ्या मुलानें लिहिलें म्हणून. प्राथमिक शाळेनें दिलेल्या अक्षराचा पहिला उपयोग त्यानें दुय्यम शाळेचें दार ठोठावण्यासाठीं केला. दुसरी ही कीं, शाळेवर दडपण आलें तें सार्वजनिक पैशाच्या बाजूनें. पुढें १९२३ सालीं मुंबई सरकारनें मदत घेणाऱ्या शाळांस बजावलें कीं, अस्पृश्य मानलेल्या मुलांस प्रवेश नाकाराल तर ग्रँट मिळणार नाहीं. महाडांत नऊ वर्षें आधीं जें एका मुलाच्या पत्रानें घडविलें, तेंच नंतर नियम म्हणून आलें.

याच्या शेजारीं दुसरी एक नोंद ठेवावीशी वाटते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ सालीं महाड तालुक्यांतील नाते या गांवीं झाला. १९१२ सालीं ते मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिक परीक्षेंत पहिले आले आणि त्यांस जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळाली. पुढें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि भारताचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या बुद्धीचें तेज निर्विवाद आहे, आणि या तुलनेनें त्यास यत्किंचितहि उणेपणा येत नाहीं. तालुका एक, काळ एक. एका मुलाच्या पुढें शाळा, शिक्षक आणि बाकडें आधींच मांडलेलें होतें. दुसऱ्यास पत्र लिहून पडवीची जागा मिळवावी लागली. फळांतल्या फरकाचें कारण बुद्धींत शोधण्याआधीं बसण्याच्या जागेंत शोधलें पाहिजे.

५

वर्गाबाहेर बसून काय शिकतां येतें, हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाहीं. तो अध्यापनाच्या रीतीचा आहे, आणि मोडी कागद वाचणाऱ्यांस तो चटकन् कळेल.

जुन्या पद्धतीच्या शाळेंत दोन प्रकारचें शिक्षण चाले. एक कानाचें: पाढे, उजळणी, कविता, परवचा. हें एकसुरानें म्हटलें जाई, आणि तें भिंतीबाहेरहि ऐकूं येई. बाहेर बसलेल्या मुलाच्या पदरांत हें पडूं शकत होतें. दुसरें शिक्षण डोळ्यांचें आणि हाताचें. धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवावयाचें, मग कित्ता पुढें ठेवून वळण घटवावयाचें, आणि गुरुजींनीं मुलाचा हात धरून रेघ दुरुस्त करावयाची. अक्षर हें पाहून आणि चुकून येतें. चूक दाखविणारा जवळ लागतो. पाटीला शिवावयाचें नाहीं असा ज्याचा नेम, तो गुरुजी पाटीवरची चूक कशी सुधारणार? फळा ज्यास नीट दिसत नाहीं, त्यास इंग्रजी शब्दांतील अक्षरांचा क्रम कसा कळणार? इंग्रजींत उच्चार एक आणि लेखन दुसरें. तें कानानें येत नाहीं. म्हणजे प्राथमिक शाळेंत पडवीनें जें नुकसान होई, त्याहून अधिक नुकसान इंग्रजी शाळेंत होई.

हें अनुमान आहे. परंतु तें शिकविण्याच्या रीतीवरून निघतें, आणि आंकड्यांशीं जुळतें. १२ मार्च १९२७ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत शिक्षणखर्चाच्या चर्चेंत डॉ. आंबेडकरांनीं दाखवून दिलें कीं, प्राथमिक शाळेंत शिरणाऱ्या दर शंभर मुलांपैकीं चौथ्या इयत्तेपर्यंत केवळ १८ पोहोंचतात; उरलेलीं ८२ पुन्हा निरक्षरतेंत जातात. हे आंकडे एकंदर मुलांचे आहेत, एका जातीचे नव्हेत. सर्वांचीच गळती इतकी, तर पडवींत बसलेल्याची किती असेल याचा तर्क वाचकांनींच करावा. शाळेच्या पटावर नांव आहे एवढ्यावरून मूल साक्षर झालें असें मानणें म्हणजे बखरींत लढाईचें वर्णन आहे म्हणून किल्ला हातीं आला असें मानण्यासारखेंच आहे.

ही बसण्याची अडचण महाराष्ट्रांत कांहींनीं वेळींच ओळखली होती. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वसाधारण शाळांत घ्यावें आणि भेदभाव करूं नये असा हुकूम काढला. निराळी शाळा म्हणजे मोठ्या प्रमाणावरची पडवीच, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें.

६

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. तो पाणवठ्यांसंबंधीं म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु मूळ ठरावांत सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांच्या जोडीस सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या आणि दवाखानेहि आहेत. शाळा आणि पाणी यांचा प्रश्न ठरावकर्त्यांनीं एकच मानला होता, ही गोष्ट पुढच्या काळांत कांहीशी मागें पडली. महाडच्या नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ रोजीं त्यास अनुसरून चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. शाळेंत जें १८५८ नंतर झालें, तेंच तळ्यावर १९२४ नंतर झालें.

त्याच सुमारास रामचंद्र मोरे आणि त्यांचे सोबती महाडास परिषद भरवून डॉ. आंबेडकरांस आणण्याच्या खटपटीस लागले. १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी तिच्या उभारणींत पुढें होती. अध्यक्षीय भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं कोंकणांतील पलटणी पेन्शनरांचा काळ, त्या वेळचें शिक्षण आणि भरती थांबल्यावर झालेली पडती स्थिति यांचा उल्लेख केला, आणि मुलांस आपल्याहून चांगली स्थिति यावी ही इच्छा आईबापांनीं धरलीच पाहिजे असें निक्षून सांगितलें. कौन्सिलांतील आंकड्यांचें भाषण आठच दिवसांपूर्वीं झालें होतें. दुसऱ्या दिवशीं, २० मार्चला, मंडळी चवदार तळ्यावर गेली.

पुढचा क्रम वाचकांस ठाऊक आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. १२ डिसेंबरास दावा दाखल झाला. २५ डिसेंबरास दुसरी परिषद भरून मनुस्मृतीचें दहन झालें. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूनें निकाल दिला. हा इतिहास बहुधा तळ्यापासून सुरू करून सांगितला जातो. आमच्या मतें त्याचा आरंभ शाळेपासून केला पाहिजे. परिषद बोलावणारीं पत्रकें लिहिणें, ठराव मांडणें, वर्तमानपत्रांस बातमी देणें, कोर्टांत पुरावा उभा करणें हीं सारीं अक्षराचीं कामें आहेत. तीं करणारी एक पिढी पलटणीच्या शाळेंतून आली, आणि दुसरी पडवींत बसून आली.

मोऱ्यांचें पुढील आयुष्य याची साक्ष देतें. ते कामगार चळवळींत आणि कम्युनिस्ट पक्षांत गेले, त्यांनीं पत्रें चालविलीं, आणि १९६५ सालीं 'जीवनमार्ग' सुरू केलें. १९७२ सालीं ते वारले. त्यांचें आत्मचरित्र अपुरें राहिलें. चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनीं पुढील चरित्र लिहून २००३ सालीं तें प्रसिद्ध केलें, आणि २०२० मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. तें घरांत जपून राहिलें नसतें, तर १९१४ चें प्रकरण आज किती जणांस कळलें असतें?

७

तिसरी गोष्ट टिकण्याची. पोलादपूरच्या डोंगरांतील वाड्यांकडे पाहिलें म्हणजे ती स्पष्ट होते. आंबेनळी घाटाच्या कुशींत विखुरलेल्या त्या वाड्या, मधून वाहणारे ओढे आणि चार महिन्यांचा पाऊस. इंग्रजी शाळा तालुक्याच्या गांवीं असावयाची, आणि तेथें राहावयास व जेवावयास घर लागावयाचें. ज्याचे आप्त महाडांत आहेत, तो राही. ज्यास कोणी भाड्यानेंहि जागा देत नाहीं, तो चौथीनंतर गुरांमागें किंवा मुंबईच्या वाटेस लागे. तेव्हां दुय्यम शिक्षणांतील समता ही फीच्या माफीनें पुरी होत नव्हती. तिला वसतिगृह लागत होतें.

हें ओळखून ज्यांनीं कामें उभीं केलीं त्यांचीं नांवें महाराष्ट्रास विसरतां येणार नाहींत. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस चालना दिली. पोलादपुराहून घाट चढून महाबळेश्वरामार्गें खालीं उतरलें म्हणजे सातारा लागतें. तेथें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवणारें वसतिगृह काढलें. त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ सालीं काले येथें स्थापन झाली होती. १९२४ सालींच मुंबईंत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि तिनें पुढच्या वर्षीं सोलापुरास विद्यार्थिवसतिगृह चालविण्यास घेतलें. स्टार्ट कमिटीनें १९३० च्या अहवालांत शिष्यवृत्ति आणि वसतिगृहें यांवर भर दिला. त्या कमिटींत डॉ. आंबेडकर सभासद होते.

प्रवेशाच्या तत्त्वाचा शेवटचा टप्पा भारतीय संविधानांत आला. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या या संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदाचें दुसरें कलम सांगतें कीं, सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याहि शिक्षणसंस्थेंत केवळ धर्म, वंश, जाति, भाषा अशा कारणांवरून कोणाहि नागरिकास प्रवेश नाकारतां येणार नाहीं. 'मदत घेणाऱ्या' हा शब्दप्रयोग वाचतांना महाडची १९१४ ची शाळा डोळ्यांपुढें येते. परंतु कलम दाराशीं संपतें. दाराच्या आंत कोण कोठें बसतो, आणि वर्षाअखेर कोणास वाचतां येतें, हें पाहणें शिक्षकाच्या आणि समाजाच्या हातीं राहतें. आजहि एखाद्या दुय्यम शाळेचें यश मोजतांना वरच्या पांच विद्यार्थ्यांचे गुण विचारले जातात. मागच्या बाकावरच्या मुलास परिच्छेद वाचतां येतो कीं नाहीं, हें क्वचित् विचारलें जातें. हा जुन्या पडवीचाच अवशेष आहे.

८

आतां संग्राहकांस विनंति. वतनाच्या सनदा, महजर, करीने यांचा शोध घेतांना आपण वाडे आणि देवघरें धुंडाळतों. शिक्षणाच्या समतेचीं साधनें त्या ठिकाणीं मिळणार नाहींत. तीं पेन्शनरांच्या वंशजांच्या पत्र्याच्या पेटींत, पलटणीच्या डिस्चार्ज कागदांत, मनिऑर्डरीच्या पावत्यांत आणि पाठीमागें हिशेब लिहिलेल्या पोस्टकार्डांत आहेत. शाळांकडे जनरल रजिस्टर, हजेरीपट, शिष्यवृत्तीचीं पत्रें आणि तपासणी-अधिकाऱ्यांचें शेरेबुक असतें. यांतील शेरेबुक विशेष मोलाचें. कारण रजिस्टर मुलाचें नांव सांगतें, पण तें मूल कोठें बसलें होतें हें सांगितलें तर तपासनीसच सांगतो. रजिस्टरांतील 'शाळा सोडल्याचें कारण' हा रकानाहि दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. एका गांवचीं वीस-तीस वर्षांचीं पानें ओळीनें वाचलीं, आणि कोणत्या इयत्तेंत कोणाचीं नांवें गळतात याचें टिपण केलें, तर २,८६२ आणि १७ यांच्यामधला प्रवास गांवागांवांतून कळूं लागेल.

हें काम त्वरेनें झालें पाहिजे. सावित्रीचा पूर महाडास नवा नाहीं. परंतु २००५ च्या जुलैंत दासगांव, जुई, रोहन, कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळल्या, आणि २०२१ च्या जुलैंत महाड शहर पुरांत बुडालें, तळिये गांव दरडीखालीं गेलें, पोलादपूर तालुक्यांतहि डोंगर खचले. गेलेल्या माणसांपुढें कागदांचा शोक करणें शोभत नाहीं. तथापि ज्या घरांतून शिक्षणाची ही परंपरा निघाली, त्याच दासगांवावर डोंगर आला, हें विसरतां येत नाहीं. वाळवी आणि ओल यांस दरवर्षीं वांटा द्यावा लागतोच. जें उरलें असेल त्याच्या नकला आणि छायाचित्रें घेऊन मूळ कागद घरवाल्यांकडेच सुखरूप ठेवावेत. कागद उचलून नेण्याची जुनी रीति येथें चालवूं नये. ज्यांच्या पूर्वजांस एकदां वर्गाबाहेर बसविलें, त्यांस त्यांच्याच कागदांच्या बाहेर बसविणें उचित होणार नाहीं.

तात्पर्य इतकेंच कीं, महाडच्या शाळेचा इतिहास हा तिच्या इमारतीचा, चालकांचा किंवा गाजलेल्या विद्यार्थ्यांचा इतिहास मानून भागणार नाहीं. बाहेर बसलेल्या मुलाच्या जागेवरून ती शाळा कशी दिसत होती, हेंहि लिहिलें गेलें पाहिजे. एका मुलानें तें आपल्या हातानें लिहून ठेवलें. बाकीच्यांचें शोधून काढणें आपल्याकडे आहे.